अकरा सेकंदांची वाटणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळीच दिला. त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी म्हणालो, "शनिवार. अकरा वाजता धाकटा भाऊ माझी दाढी करायला येतो." त्यांनी लगेच लिहिले, स्मरणशक्ती उत्तम. हृदयाबद्दल मात्र त्यांचे मत बरे नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी मोरीत जाळली आहेत, कारण दोन्हींत मी खोटे लिहिले होते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भूमितीच्या बाईंनी करावी. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण वर्गातून अजून बाहेर पडलेल्या नाहीत, त्यामुळे माझ्या नातेवाइकांना त्या व्यवस्थित रांगेत उभे करतील. बाई, हे उभ्याने वाचत असाल तर आधी बसून घ्या. आणि मधले काही गाळू नका.

कलम एक. खालचा कारखाना आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वतःच्या कमाईच्या आहेत. ते सगळे माझ्या धाकट्या भावाला द्यावे, आणि त्याच्या मागे भावजयीला. भावजय चौदा वर्षांत माझ्याशी एकदाही हसून बोललेली नाही. तिचे बरोबर आहे, हे तिला या कलमाच्या निमित्ताने कळवावे. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती आधी बसवून घ्यावी.

कलम दोन. दळण्याची मोटर, मेण, सुऱ्या, भट्टी आणि पॉलिशची चाके माझ्याकडे काम करणाऱ्या पॉलिशवालीला द्यावीत. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. हे मी तिला कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर ती सोडून गेली असती.

भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे तीनशेवर जबडे आहेत. कवळी करताना गिऱ्हाइकाच्या तोंडाचा साचा घ्यावा लागतो, आणि मी एकही साचा कधी फेकला नाही. आमचा सिनेमा या फळीतूनच निघाला, म्हणून त्याची हकिकत इथेच देतो.

मला तरुणपणापासून झॉम्बींचे वेड. कबरीतून उठलेली, लंगडत चालणारी, माणसांचे लचके तोडणारी प्रेते पडद्यावर पाहिली की मला घरी आल्यासारखे वाटे. सत्तावन्नाव्या वर्षी वाटले, आता आपणच एक काढावा. खिशात काही नव्हते, पण फळीवर अर्ध्या गावाची तोंडे होती. त्या तोंडांचे मालक बहुतेक निवृत्त, आणि निवृत्त माणसाला रविवारी घरात कोणी विचारत नाही. मी एकेकाला विचारले, "मरायला येणार का?" एक्केचाळीस जण आले. एकानेही मोबदला मागितला नाही, फक्त बसायला खुर्ची मागितली.

मी त्यांच्या साच्यांवरून एक्केचाळीस कवळ्या केल्या. हिरड्या काळ्या, सुळे वाकडे, आणि बसायला इतक्या घट्ट की त्या घालून नुसते गुरगुरता येई. बोलता येऊ नये म्हणूनच मी त्या तशा केल्या होत्या. या म्हाताऱ्यांना प्रत्येक मरणावर मत द्यायचे असे.

साखरेच्या पाकात लाल आणि थोडा तपकिरी रंग घालून आम्ही रक्त करायचो. ते वाळले की अंगाला मुंग्या लागत. आतडी खाटीक आणायचा, दर रविवारी बादलीभर ताजी. तो स्वतःही झॉम्बी होता, पण पोट फाडायच्या प्रसंगात आतडी इतकी नीट गुंडाळून काढायचा की मला ओरडावे लागे, "अहो, तुम्ही भुकेले आहात, दुकानात नाही!" बाईंनी निवृत्त बेलिफाच्या नरड्याचा लचका तोडला तो प्रसंग मी अकरा वेळा घेतला. एकदा बेलिफ बाईंचे घर रिकामे करायला आला होता, त्यामुळे बाराव्यांदाही त्या तयार होत्या. त्या दिवसांइतका मी आयुष्यात कधीच सुखी नव्हतो.

कलम तीन. या सगळ्या कवळ्या ज्याच्या त्याला परत द्याव्यात. जे खरेच मेले त्यांच्या घरी देऊ नयेत, घरचे घाबरतील. बेलिफाची कवळी मात्र फोडून टाकावी. शेवटच्या प्रसंगाचे तिसरे, चौथे आणि सहावे टेक तो हसल्यामुळे वाया गेले, आणि मी त्याला अजून माफ केलेले नाही.

कलम चार. कपाटाच्या तळाशी कातडी पट्टा आहे. तो आमच्या वडिलांचा. तो कोणाला द्यायचा नाही, तुकडे करून भट्टीत घालायचा.

वडील आम्हा दोघांना त्या पट्ट्याने मारत. मला अधूनमधून, धाकट्याला रोज. बकलाच्या बाजूने मारत. त्याच्या पाठीला खपली धरायला वेळच मिळत नसे. तो रडायचा नाही. फक्त एकच हाक मारायचा, "दादा!" मी जिथे असेन तिथून धावत यायचो आणि मध्ये पडायचो. माझ्या डाव्या भुवईत बकलाची खूण आहे, आणि डाव्या कानाला कमी ऐकू येते तेही त्यामुळेच. सात वर्षे हे चालले. त्या हाकेला मी एकदाही चुकलो नाही. पुढचे कलम वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

कलम पाच. सिनेमाच्या सगळ्या प्रती आणि 'सर्वोत्कृष्ट मरण' असे कोरलेला चषक यांचे काय करायचे ते धाकट्याने ठरवावे. त्या मरणाचा मालक तोच आहे.

धाकटा न्हावी होता. या भागात त्याच्यासारखा वस्तरा कोणाच्या हातात नव्हता. सिनेमात तो शेवटचा जिवंत माणूस झाला होता. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जिन्यावर तो पळत येतो, सरकते लोखंडी गेट ओढून घेतो, झॉम्बी गेटला भिडतात आणि त्याला आडवा करतात, असा शेवट होता. पट्ट्यांची फुलीफुलीची जाळी असलेले ते गेट जागचे हलू नये म्हणून मी तारेने बांधले होते. मीच, माझ्या हाताने, दोन पीळ देऊन. तीन द्यायला हवे होते.

गिरणी दुसऱ्या दिवशी पाडणार होते. दुपारपर्यंत सहा टेक फुकट गेले होते. कोणी हसले, कोणाची कवळी निसटली. पाचव्या टेकमध्ये धाकट्याला ठसका लागला, तर खाटीक त्याची पाठ चोळायला थांबला. तेव्हा मी सगळ्यांवर तुटून पडलो. "मेलेल्याला दया नसते! तो किंचाळू दे, रडू दे, काहीही म्हणू दे. मी 'बस' म्हणेपर्यंत जो थांबेल त्याने घरी जायचं!" सत्तरी ओलांडलेली माणसे शाळकरी पोरांसारखी खाली मान घालून ऐकत होती.

सातव्या टेकला ती चिडून आली. माझ्यावरच चिडली होती. एक्केचाळीस म्हातारी माणसे त्या गेटवर अशी आदळली की माझ्या अंगावर काटा आला. तार तुटली. गेट एका बाजूला मिटत गेले, आणि जाळीतून आत गेलेली धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटे पट्ट्यांच्या कात्रीत सापडली. तो किंचाळला. ही माणसे आणखी जोराने ढकलू लागली, कारण मी त्यांना तसेच शिकवले होते. मागून खाटकाने हाड मोडल्याचा आवाज ओळखला. तो ओरडू लागला, पण तोंडात माझी कवळी होती, म्हणून नुसता गुरगुरला. कॅमेरा चालवणारा लग्नाचा फोटोग्राफर माझ्या कानाशी कुजबुजला, "साहेब, रक्ताचा रंग चुकलाय. फार काळं दिसतंय."

मग मी 'बस' म्हणालो. गेट मागे ओढले तेव्हा बोटे पलीकडे पडली होती. पाकाच्या रक्तात ती सापडेनात. बाईंनी गुडघ्यावर बसून शोधली आणि पदरात गुंडाळून इस्पितळात नेली. ती परत बसवता आली नाहीत.

चौकशीत मी सांगितले की शेजारी धुरासाठी जनरेटर चालू होता, डाव्या कानाने मला तसेही कमी ऐकू येते, मला वेगळे काही ऐकू आले नाही. पोलीस साहेबांनी धाकट्याला विचारले. तो पांढऱ्या बँडेजचा हात मांडीवर धरून म्हणाला, "दादाला ऐकू आलं असतं तर त्याने त्याच क्षणी थांबवलं असतं. मी लहानपणापासून ओळखतो त्याला." प्रकरण तिथेच मिटले.

सिनेमा एका लहानशा महोत्सवात दाखवला. तो प्रसंग संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चषक धाकट्याने डाव्या हाताने घेतला.

कलम सहा. माझ्या उशीच्या अभ्र्यात एक मेमरी कार्ड शिवलेले आहे. ते धाकट्याला द्यावे. त्यावर त्या टेकचा मूळ आवाज आहे. आवाजाचे यंत्र जिन्याखाली बादलीत ठेवले होते, ते सगळे ऐकत होते.

त्या आवाजात जनरेटर नाही. टेक सुरू होण्याच्या आधीच तो तेल संपून बंद पडला होता. मला माहीत होते.

त्या आवाजात माझा भाऊ तीनदा म्हणतो, "दादा!" सिनेमातल्या माणसाला भाऊच नव्हता. ती हाक मी ऐकली. पहिलीच ऐकली. माझा पाय उचललाही गेला. मग मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात त्याचा चेहरा पाहिला, आणि तसा चेहरा मी आजवर कोणत्याच सिनेमात पाहिला नव्हता. मला वाटले, आणखी थोडे. तो पडद्याच्या चौकटीतून खाली जाईपर्यंत थांबलो. पहिल्या हाकेपासून 'बस'पर्यंत अकरा सेकंद होतात. मी पुष्कळदा मोजले आहेत. पहिल्या सेकंदाला थांबवले असते तर कदाचित एकच बोट गेले असते, असे हाडाच्या डॉक्टरांनी सहज बोलता बोलता सांगितले होते.

नंतर सिनेमा जोडताना मी त्या तिन्ही हाका काढून टाकल्या. तिथे गुरगुर भरली. ती गुरगुर माझी आहे, खालच्या कारखान्यात दार लावून काढलेली.

बाई, तुम्ही चौदा वर्षे समजता की सर्वांत पुढे तुम्ही होतात, म्हणून बोटे तुम्ही तोडलीत. तुम्ही त्यानंतर घरातली कात्रीसुद्धा हातात घेतली नाहीत, हे मला ठाऊक आहे. ते तुमच्यापैकी कोणीही केलेले नाही. ते मी केले आहे. हे कलम सगळ्यांना गोळा करून मोठ्याने वाचून दाखवावे. कवळ्या न घालता यावे.

कलम सात. धाकट्याने डाव्या हाताने वस्तरा धरायला दोन वर्षे घेतली. तेव्हापासून दर शनिवारी तो येतो, जिन्याखालून हाक मारतो, उरलेल्या अंगठ्याने आणि करंगळीने माझी हनुवटी वर करतो आणि गळ्यावरून वस्तरा फिरवतो. "हलू नकोस रे, कापेल." बारा वर्षांत त्याने मला एकदाही कापलेले नाही. दर शनिवारी मला सांगायचे असते. नरड्यावर पाते असताना हिंमत होत नाही आणि पाते निघाल्यावर वाटते, पुढच्या शनिवारी.

म्हणून माझी शेवटची दाढी त्यानेच करावी. मात्र आधी कार्ड ऐकावे, मग वस्तरा घ्यावा. त्या वेळी खोलीत कोणी थांबू नये. वस्तरा कुठे आणि किती खोल चालवायचा ते त्याने ठरवावे, मी हलणार नाही. तो स्वतः 'बस' म्हणेपर्यंत कोणीही दार उघडू नये.

वर लिहिलेले मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी मजकूर वाचलेला नाही, फक्त मला सही करताना पाहिले आहे. खाटकाला मी काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात. नाहीतर त्याला फळीवरचा माझा स्वतःचा जबडा दिला असता.

लिहून ठेवणार: (सही) कवळीवाला
साक्षीदार पहिला: (सही) खाटीक
साक्षीदार दुसरे: (सही) डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला
ठिकाण: वरची खोली, खिडकीजवळचे टेबल
तारीख चौदा, वार शनिवार, सकाळचे साडेदहा

दुरुस्ती. अकराला पाच कमी आहेत. साक्षीदार गेले, त्यामुळे या दुरुस्तीवर त्यांच्या सह्या नाहीत, कायद्याने ती चालेल की नाही मला माहीत नाही. खाली दार वाजले. तिसरी पायरी वाजली नाही अजून, तो वस्तऱ्याची पेटी घेऊन नेहमीसारखा जिन्याखाली उभा आहे. उशी मी उसवली आहे. कार्ड आवाजाच्या यंत्रात घातले आहे. कलम सहामधले कार्ड देणे आणि कलम सात रद्द समजावे, मोठ्याने वाचायचे ते आणि बाकी सगळे कायम.

त्याने हाक मारली, "दादा, येऊ का?"

लगेच म्हणालो, "ये."