जिंकणारी खुर्ची

प्रिय भिंगरी,

हे पत्र बोलतेय मी, लिहिताहेत तुझे आजोबा. माझ्या तोंडचं एकही वाक्य गाळायचं नाही, अशी अट घातली आहे. तरी त्यांच्याविषयीची वाक्यं ते मुद्दाम बारीक अक्षरात लिहितील. ती डोळे ताणून वाच.

तुझा निरोप मिळाला. टेबल टेनिसच्या ओळीने नऊ मॅच जिंकलीस, शनिवारी सकाळी फायनल, आणि आजी हॉलमध्ये खांबाजवळच्या त्याच खुर्चीत हवी, नाहीतर हात चालणार नाही! वा गं वा! घाम तू गाळायचा आणि श्रेय प्लास्टिकच्या खुर्चीला?

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. जिंकण्याची खरंच लय लागते का, की आपल्यालाच तसं वाटतं? म्हणून आजोबांना कामाला लावलं. मोज्यांचे गोळे करून खोलीच्या टोकावरून बादलीत टाकायला सांगितले. चार लागोपाठ आत गेले. लगेच यांची छाती फुगली. हात बसला म्हणाले. पाचवा गेला घड्याळावर, सहावा माझ्या चहात. मग नाणं उडवायला लावलं. तर पाठोपाठ सहा वेळा छापाच! आता नाण्याला कुठला आलाय हात आणि कुठला आत्मविश्वास? ते काय पहाटे उठून सराव करतं? म्हणजे नुसत्या योगायोगानेही रांग लागते की.

तरी सगळंच झूठ म्हणवत नाही. बल्बच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते, तेव्हा एखाद्या दिवशी बोटं अशी चालायची की खाली बघावंही लागायचं नाही, आणि एकही बल्ब फुटायचा नाही. ते खरं होतं, की फुटलेले दिवस मी सोयीने विसरले? मला अजून उमगलेलं नाही. आजोबांना मात्र फुटलेले दिवस चांगले आठवतात म्हणे, कारण त्या संध्याकाळी घरात भांडी आपटायची.

खुर्चीचं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या वर्षी तू पहिल्याच फेरीत हरत होतीस, तेव्हाही मी तिथेच बसायचे. खांबाला पाठ टेकता येते ना! तेव्हा नाही कुणी खुर्चीला बोल लावला. आणि समोरच्या पोरीलाही आजी असेलच. ती बिचारी काय उलटी बसते?

आता मुद्द्याचं. अहो, पेन थांबवू नका. शनिवारी सकाळीच माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. याआधी दोनदा मीच तारीख पुढे ढकलली, दोन्ही वेळा तुझी मॅच होती. तुला कळू दिलं नाही, नाहीतर बॅट टाकून धावत आली असतीस. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी असा दम भरला, की माझ्यासारखी बडबडी गप्प बसली. म्हणजे खुर्ची रिकामी असणार. तिथे तू हरलीस तर ते माझ्यामुळे नाही, आणि इथे माझं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्या जिंकण्या-हरण्यामुळे नाही. दोन्हींची गाठ मारून जन्मभर गळ्यात घालून फिरू नकोस, एवढ्यासाठीच हा खटाटोप. शुद्धीवर आले की पहिला प्रश्न स्कोअरचा विचारणार आहे. खरा आकडा सांगायचा. म्हातारीला बरं वाटावं म्हणून एक पॉइंटसुद्धा वाढवायचा नाही.

तुझीच,
टाळ्या पिटून हात लाल करून घेणारी आजी