चारशे ऐंशी डॉलरची रिकामी खुर्ची

१३ एप्रिल, रविवार

आधी कबुली. आजोबांची टोपी मीच ढापली.

फेब्रुवारीत कॅझ आजोबा गेले तेव्हा आजी म्हणाली होती, तपकिरी टोपी शवपेटीत त्यांच्याबरोबर ठेवा. सगळ्यांनी घर उलटंपालटं केलं. सगळ्यात जोरात मी शोधली. टोपी माझ्या जॅकेटच्या आत होती. ऐनवेळी 'सापडली!' म्हणून काढायची, सगळे हसतील, असा प्लॅन होता. मग पेटी बंद झाली आणि हसण्यासारखी वेळ काही आलीच नाही.

असो. टोपी मला शोभते.

संकल्प: रोज डायरी. नोकरी. टोपी योग्य वेळ बघून आजीला परत.

२३ एप्रिल, बुधवार

दहा दिवस लिहिलं नाही. वेळच मिळाला नाही. (झोपलो होतो.)

आज बेसबॉलच्या नवीन स्टेडियमला गेलो. सोळा डॉलरचं तिकीट, सगळ्यात वरचा मजला. बॉल टाकणारा पिचर मुंगीएवढा. पण बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे, अगदी पुढे, गाद्यांच्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. त्यांचे मालक मागच्या काचेच्या हॉलमध्ये एसीत फुकट कोळंबी खात बसतात. मॅचला चारशे ऐंशी डॉलर देतात आणि मॅच बघत नाहीत. मी कोळंबी फुकट खाऊन मॅचही बघेन. म्हणजे शहाणा कोण?

जुन्या स्टेडियमात तिथेच आजोबांची जागा होती. तिसरी रांग, कडेपासून दुसरी. चौदा डॉलर. एकतीस वर्षं. ते पाडलं तेव्हा टीमचं पत्र आलं: निष्ठावंत मित्रा, तुमची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. मॅचला चारशे ऐंशी, मॅच एक्याऐंशी, सगळ्या घ्याव्या लागतील. शिवाय त्या विकत घ्यायचा हक्क मिळावा म्हणून आधी नऊ हजार. आजोबांनी पत्र उभ्यानेच वाचलं, चुंबकाने फ्रीजवर लावलं, आणि नवीन स्टेडियमात कधी पाऊल टाकलं नाही. गेलं वर्षभर टीव्हीवर बोट दाखवायचे. कॅमेरा पिचरच्या मागे असतो, त्यामुळे प्रत्येक बॉलला ती खुर्ची दिसते. प्रत्येक बॉलला म्हणायचे, "रिकामी."

एका मॅचमध्ये तीनशे वेळा. मी मोजलंय.

२७ एप्रिल, रविवार

जमलं. ट्रिक साधी आहे. हातात प्लेट पाहिजे, प्लेटमध्ये दोन कोळंब्या. कोळंबीवाल्याला कुणी तिकीट विचारत नाही. तिसऱ्या इनिंगला लिफ्टने खाली आलो, हॉलमधून टंगळमंगळ करत फिरलो, प्लेट भरली आणि आजोबांच्या जागेवर जाऊन बसलो. डोक्यावर टोपी.

लॉनी नावाचा एक म्हातारा आहे तिथला. लोकरीचा हातमोजा घालून खुर्च्या पुसतो, लोक त्याला डॉलर देतात. माझ्याकडे येता येता मध्येच थांबला. चेहरा पांढराफटक. मग जवळ येऊन टोपीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, ही टोपी मी ओळखतो. जुन्या स्टेडियमातही तोच खुर्च्या पुसायचा. मी म्हटलं, आजोबांनीच दिली, प्रेमाने. त्याने खुर्ची पुसली. माझ्यासकट. पैसे घेतले नाहीत.

निघताना घरचा टीव्ही चालू ठेवून गेलो होतो. म्हटलं, आपण टीव्हीवर येतोय, घरातल्या कुणीतरी बघायला हवं. आई कामावर होती. आजी फेब्रुवारीपासून खुर्चीत बसून भिंतीकडे बघते. दिवसाला दोन बिस्किटं खाते, तीही आई ओरडल्यावर.

घरी आलो तर आजीसमोरचा सूपचा वाडगा रिकामा.

आजी हळूच म्हणाली, "ट्रेव्हर, कॅझला जागा मिळाली."

मी म्हटलं, हो का.

४ मे, रविवार

अडचण आहे. आईने टोलेडो शहरातल्या वृद्धाश्रमाचं पुस्तक आणलंय. पुस्तकातले म्हातारे फुगे घेऊन हसतायत. सप्टेंबरअखेर एक खोली रिकामी होणार. आई म्हणते, आजी खात-पीत असेल, डोकं ठिकाणावर असेल, तोवर इथेच. भलतंसलतं बोलायला लागली की टोलेडो.

म्हणजे बघा. मी नाही बसलो तर आजी खाणार नाही. टोलेडो. मी बसलो तर आजीला आजोबा दिसणार, आणि हे आईला कळलं तर टोलेडो.

पण मी काही मंद नाही. आजीला बजावलं, कॅझ आजोबांचं आईसमोर बोलायचं नाही. आजीने ओठाला चेन लावल्यासारखं केलं. डोकं तसं ठिकाणावर वाटलं.

दुपारच्या मॅचेस रविवारी आणि काही बुधवारी. तेवढ्याच करायच्या. संध्याकाळी आजी आठला झोपते.

८ जून, रविवार

मस्त चाललंय. मी मुळात लोकांना मदत करायलाच जन्मलोय, हे आत्ता लक्षात येतंय. आजी आता पोर्कचॉप खाते.

तक्रार फक्त खुर्चीची. चारशे ऐंशी डॉलर घेतात आणि पाय ठेवायला जागा नाही. तिथे बसलो की माझा डावा गुडघा दुखतो. वरच्या मजल्यावर दुखत नाही. बसमध्ये दुखत नाही. तिथेच. शिवाय कुणीतरी आजूबाजूला गुडघ्याला लावायचं, आजोबांकडे असायचं ते हिरवं मलम लावून येतं. आजूबाजूला कुणीच नसतं, हा भाग वेगळा.

लॉनीला वासाबद्दल विचारलं. तो म्हणाला, कसला वास? आणि शेजारची रिकामी खुर्चीही पुसून गेला.

टीमला पत्र लिहिणार होतो, जागेबद्दल. मग लक्षात आलं, कुठल्या हक्काने.

२५ जून, बुधवार

आज उठताना तोंडातून 'होप्ला' असा आवाज निघाला. हा माझा आवाज नव्हे. म्हणजे निघाला माझ्याच तोंडातून. पण आजोबा तसं करायचे, सोफ्यातून उठताना.

सवय लागते, एवढंच. टोपी घातली की माणूस अंगात येतो. म्हणजे तसं नव्हे. म्हणजे नट मंडळींना होतं तसं.

टोपी आजीला परत करायचा विचार सीझन संपेपर्यंत पुढे ढकलला. व्यावहारिक कारणांमुळे.

६ जुलै, रविवार

आजोबा प्रत्येक बॉलची नोंद पेन्सिलीने कागदावर करायचे. मला ते येत नाही, शाळेत आकडेमोडीत माझं जे व्हायचं ते व्हायचं. पण खरं वाटावं म्हणून मीही कागद-पेन्सिल नेतो आणि स्वतःशीच फुल्ली-गोळा खेळतो. तीन वेळा हरलो.

आज घरी आल्यावर आजी म्हणाली, कॅझ आजकाल जरा पोक काढून बसतो. मी म्हटलं, वय झालं गं. मेलेल्या माणसाचं वय होत नाही म्हणाली.

पुढच्या वेळेपासून ताठ बसणे.

२० जुलै, रविवार

नवा प्लॅन, आधीच्या सगळ्यांपेक्षा भारी. शेवटच्या रविवारी आजीला प्रत्यक्ष नेऊन त्या खुर्चीवर बसवायचं. खरं तिकीट काढून. चारशे ऐंशी. माझ्याकडे एकसष्ट. कार वॉशमध्ये नोकरी धरली तर सहज.

३ ऑगस्ट, रविवार

कार वॉशमध्ये तीन दिवस काम केलं. चौथ्या दिवशी मॅनेजरच्या गाडीला खिडक्या उघड्या ठेवून ब्रश फिरवला. गंमत म्हणून. त्याला विनोदबुद्धी नाही. शिल्लक: चौऱ्याण्णव.

शिवाय टीमने जाहीर केलं, पुढच्या वर्षी ती खुर्ची पाचशे चाळीस.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज गुडघा इतका दुखला की सातव्या इनिंगला सगळे उभे राहून हात ताणतात तेव्हा मला उठताच येईना. काखेत कुणीतरी हात घालून उठवलं. वळून थँक्यू म्हटलं. मागच्या रांगेत कुणी नव्हतं.

लॉनी असणार. लॉनी लांब पायऱ्यांवर होता, पण चपळ आहे तो, वयाच्या मानाने.

ठरवलं. ही शेवटची वेळ.

१७ ऑगस्ट, रविवार

गेलो. आजीने सकाळीच सूप गरम करून घेतलं होतं, टीव्हीसमोर. मग काय करणार?

१४ सप्टेंबर, रविवार

आईने टोलेडोचं पुस्तक जेवणाच्या टेबलावरून उचलून कपाटात टाकलं. मी मुद्दाम नीट बघितलं. आजीचं साडेतीन किलो वजन वाढलंय. आईने मला विचारलं, तू तिला काय घालतोस? मी म्हटलं, प्रेम. आई म्हणाली, गप.

हे सगळं एकट्या माझ्यामुळे, आणि कुणाला सांगताही येत नाही. मोठ्या माणसांचं आयुष्य असंच असतं.

एकच मॅच राहिली. अठ्ठावीस तारीख.

२८ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

आज कोळंबी संपली होती. शेवटचा दिवस म्हणून सगळ्यांनी बकाबका खाल्ली. मी रिकाम्या हाताने गेलो. तिसरी इनिंग. निळा कोट घातलेली एक बाई आली, तिकीट मागितलं. मी म्हटलं, आमची जागा आहे, एकतीस वर्षांची. ती म्हणाली, स्टेडियम दोन वर्षांचं आहे. लॉनी काही बोलणार होता, मी मान हलवून नको म्हटलं. त्याची नोकरी आहे. उठताना धांदलीत टोपी खुर्चीवरच राहिली. मागे वळून घेऊ दिली नाही.

जिन्याखालच्या खोलीत नेलं. पुन्हा येणार नाही अशा कागदावर सही घेतली आणि मॅच संपेपर्यंत बसवून ठेवलं. कोपऱ्यात टीव्ही होता. बॅटर, कॅचर, आणि मागे आपली खुर्ची. रिकामी. गादीवर तपकिरी ठिपका, म्हणजे टोपी. प्रत्येक बॉलला बघत होतो. मी तोंडाने म्हणत होतो ते कळलं नाही. बाई म्हणाली, सारखं रिकामी रिकामी काय लावलंयस?

पाचव्या इनिंगला बॅटर मध्ये आला. बाजूला झाला तर ठिपका नव्हता.

सुटल्यावर लॉनीला गाठलं. तो म्हणाला, पोरा, त्या रांगेत कुणी फिरकलं नाही. मीच होतो ना तिथे. टोपी नाही.

कुणीतरी चोरली. एवढ्या महागाच्या जागेत टोप्या चोरतात. मी टीमला पत्र लिहिणार आहे.

गुडघा दुखत नाहीये, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

बसमध्ये घोकत आलो की आजी आता भिंतीकडे बघत असणार. सूप तसंच असणार. आईने कपाट उघडलं असणार. दारातच सांगून टाकू म्हटलं: मीच होतो, टोपीही मीच घेतली, सॉरी. तोंड उघडणार तेवढ्यात आजीने हात धरून जवळ बसवलं. सूप संपलेलं. गालांवर लाली.

म्हणाली, "आज कॅझ आला होता."

मी म्हटलं, रोजच येतो की.

"रोज तू यायचास, गाढवा. मान खाजवतोस ती मला ओळखू येत नाही? कॅझ कधी कोळंबी खायचा? अंगावर चट्टे उठायचे त्याला."

मग सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"तुला हाकलतील ते बघायचं होतं. त्यासाठी अंगात ताकद नको? म्हणून जेवत होते. खोड्या काढायची सवय तुला कुणाकडून आली असं वाटतं?"

सबंध सीझन. मी तिथे पोक सरळ करत होतो आणि ही इथे पोर्कचॉप चावत हसत होती. गुडघ्याची नक्कल मात्र छान केलीस म्हणाली. मी नक्कल केली नव्हती. तिला सांगितलं नाही.

मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज मात्र तोच होता. पाचव्यापासून शेवटपर्यंत. ताठ बसला होता, सगळं लिहून घेत होता. आणि टोपी होती डोक्यावर. मिळाली बाई एकदाची त्याला." असं म्हणून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. रागावून नाही.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, काय म्हणतेय ती?

मी म्हटलं, स्कोअर सांगतेय.

आई आत आली तेव्हा आजीने ओठाला चेन लावली. मीही लावली. फ्रीजवरचं पत्र खाली पडलं होतं, आई ते फेकायला निघाली. आजी म्हणाली, फेक, आता काय करायचंय.

तर ही वही वाचणाऱ्या, तू जो कोणी असशील. मी टोपी ढापली हे सांग हवं तर, कार वॉशचंही सांग. पण पाचव्या इनिंगला मी जिन्याखालच्या खोलीत होतो हे कुणाला सांगू नकोस. विशेषतः आईला. टोलेडोची खोली अजून रिकामीच आहे. आणि आजीला तर अजिबात नको. तिला वाटतंय ती खुर्ची टीव्हीवर मलाही दिसली असती तर मलाही तोच दिसला असता. मला दिसली होती. रिकामी. पाया पडतो, सांगू नकोस.