बोटांवरचा गुलाबी रंग

प्रिय आई,

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि काल अंगणात वाळवणाच्या खाटा पडल्या. जाऊबाई म्हणाल्या, "ये आता, बस शेवयाले. अडवणारी गेली." म्हणून लिहायला बसले. सासूला सांगायचं ते दुसऱ्या कुणाला सांगू?

लग्न होऊन मी अकोल्याला आले, तेव्हा कॉलेजातलं माझं संशोधन अर्धवट होतं. कपाशीच्या पऱ्हाटीच्या मुळाचं टोक कोमट आम्लात ठेवायचं, मग एका रंगहीन द्रावात. पेशीतला डीएनए तेवढा गुलाबी होतो. माझी बोटंही व्हायची, आणि ती साबणाला दाद द्यायची नाहीत.

पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या बाया जमल्या. मी पिठाला हात घालणार, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तू नको लावू हात. कालेजातलं औषध बाधन कोनाले." किती लागलं होतं मला! रडतच कॉलेजात गेले आणि दिवसभर स्लाइडी केल्या. दुसरं काय करणार? रोज तेच. मी तुमच्यावर रुसलेली, आणि काम मात्र पुढे सरकत होतं.

एकदा तुम्हीच विचारलंत, "हे गुलाबी मानसातबी असते काय?" असतं म्हटलं, निम्मं आईकडून येतं, निम्मं वडिलांकडून. तुम्ही ह्यांच्याकडे बघत म्हणालात, "राग तं साराच बापाचा आला." अजून हसू येतं.

पुढच्या वर्षी रामनवमीला जोडून सुट्ट्या आल्या. बोटं स्वच्छ झाली होती. मी हौसेनं म्हटलं, आज मुगवड्या मी घालते. तुम्ही माझा हात उलटापालटा करून पाहिलात.

"काहून, आज रंग नाई? बाया येऊन राहिल्या. एकदा बसली तं तुले उठू देनार नाईत, मंग कालेज राह्यलंच."

त्या द्रावाची बाटली कॉलेजात कुलपात होती. मग तुम्हीच रंगपंचमीचा उरलेला गुलाल वाटीत कालवलात आणि माझी बोटं माखलीत.

आई, आधीच का नाही सांगितलंत? वर्षभर मनात नावं ठेवली मी तुम्हाला. कुणाला कळलं असतं तर बिघडलं असतं, हे खरंच. पण मला तरी?

काल मी शेवयांना बसले नाही. जाऊबाईंची सुमी मात्र पुस्तक मिटून पाटाशी बसली. तिची मॅट्रिक तोंडावर आहे.

उद्या बाया यायच्या आत तिला कॉलेजात घेऊन जाईन, मुळांची टोकं धुवायला. बोटं नाहीच रंगली, तर गुलाल काढून ठेवला आहे.

तुमची सून,
कमल