आजीच्या पुस्तकाचं कव्हर

स्टेला,

वरणाला फोडणी तेवढी दे. मी शिरपूरच्या बसने जातेय.

उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू होतोय, म्हणून आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं कव्हर बदलायला घेतलं. आतलं लेखकाच्या नावाचं पान कव्हरला चिकटवलेलं निघालं. अगं, वीस वर्षं रोज सकाळी वाचते ते पुस्तक पास्टर वसाव्यांनी लिहिलंय. तुझ्या सुदेशच्या आजोबांनी! 'प्रोटेस्टंटांच्या घरात कॅथलिक मुलगी देणार नाही' म्हणून तुला रडवलं ती मीच ना? आणि पुस्तक प्रोटेस्टंट पास्टरचं आहे हे आजीला ठाऊक होतं. म्हणून तर तिने नाव झाकलं.

पप्पांना इतक्यात काही बोलू नकोस. पुस्तक सोबत नेतेय. आजचं पान वाचायचं राहिलंय, ते शिरपूरला पास्टरांकडूनच वाचून घेते.

आई