अंगाची ओळख

प्रिय रक्षा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. परवा पहाटेच्या गाडीनं मी तळेगावला निघून आले, ते रुसून नाही. आज दुपारभर अंगणात बसले होते. संत्र्याच्या बागेवरून थंड वारा येतो, ऊन मऊ आहे, आणि माझा डावा हात अजून दुमडलेलाच राहतो, त्यात कुणी निजलं असावं तसा.

बाळंतपणानंतर तुला काही कळतच नव्हतं. रक्त फार गेलं, तुला नागपूरला हलवलं, कुंदनराव तुझ्यासोबत गेले. वेळेआधीच आलेली तुझी लेक वर्ध्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली, आणि तिच्यापाशी मी. नर्सबाई म्हणाली, "माय नाई तं मावशीचं अंग चालते. उघड्या छातीले लावा तिले." मी भ्यायले होते. माझ्या पोटी मूल झालं नाही. एवढं इवलं अंग कधी धरलंच नव्हतं. तिनं पोर माझ्या पोलक्यात ठेवली, वरून शाल पांघरली. ओलं पान चिकटावं तशी ती छातीला लागली. मधेच तिचा श्वास अडल्यासारखा व्हायचा. मी मोठा श्वास घ्यायचे, माझी छाती वर यायची, आणि आठवण झाल्यासारखा तिचाही श्वास पुन्हा सुरू व्हायचा.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत. झोप आणि जाग यांच्या मधे कुठंतरी आम्ही दोघी तरंगत होतो. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत जायचं आणि कुणाचं काळीज धडधडतंय, तिचं की माझं, ते उमगायचं नाही. वजन वाढलं, तिला तुझ्या पिपरीच्या घरी आणलं, तरी ओढणीनं छातीशी बांधूनच मी वावरायचे. तांदूळ निवडताना, फुलझाडांना पाणी घालताना. शेजारच्या कमलाबाई म्हणायच्या, "हाताची सवय लावून राह्यली तू पोरीले." मी म्हणायचे, "लागू द्या. आता नाई तं कवा लागन?"

मग तू आलीस. पार वाळून गेली होतीस. तुझ्या मांडीवर दिली तशी ती टाहो फोडून रडली, आणि माझ्याकडे येताच गप्प झाली. तू भिंतीकडे तोंड केलंस. "तिले तूच पायजे, ताई. घेऊन जा तळेगावले."

त्याच दुपारी तू औषधाच्या गुंगीत होतीस. तिला छातीवर घेऊन माझाही डोळा लागला होता. ती कुरकुरली, आणि मी झोपेतच पुटपुटले, "आई हाये ना इथं." स्वतःच्याच आवाजानं मी जागी झाले. समोरच्या खाटेवर तू होतीस, आणि मी ते तुझ्याबद्दल म्हटलं नव्हतं.

म्हणून निघाले. दारातून कुंदनरावांना एवढंच सांगितलं, पोरीला रक्षाच्या उघड्या अंगावर ठेवा, रडली तरी तिथंच राहू द्या. काल त्यांचा फोन आला. अगदी हळू बोलत होते. "लय रडल्या दोघी, ताई. मंग झोपल्या. अजून झोपूनच हायेत." फोन ठेवून मीही खूप रडले, ते काही वाईट वाटून नव्हे.

तिला खाली ठेवू नकोस, रक्षा. तुझी ओळख तिला तुझ्या अंगानंच पटेल, आणि मी मधे असले तर पटणार नाही. उन्हाळ्यापर्यंत मी येत नाही. तोवर ती मला विसरेल, विसरू दे. आले की तिला एकदा माझ्याकडे दे, आणि माझ्याजवळ ती रडली, तर लगेच परत घे.

तुझीच,
जयवंताताई