सशाला गाजर

प्रिय आई,

मास्ट्रिख्टहून तुझ्या हिल्केची घट्ट मिठी.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, झोपतेही, म्हणजे बहुतेक. तुझा गुडघा काय म्हणतो?

फोनवर सांगायचं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला ऑटिझम आहे. घाबरू नकोस, हे जन्मापासूनच होतं. ऑफिसातला वाउटर तर हसलाच. "तुला? काहीतरीच! अगं, तू नजरेला नजर देऊन बोलतेस, सगळ्यांना हसवतेस!" त्याला काय सांगू? मी त्याच्या भुवयांच्या मधे बघते. विनोद सायकलवर घोकून आणते. घरी आले की कोटही न काढता जमिनीवर पडून राहते.

तुझ्या वाढदिवसाला येतेय. आपल्या रीतीप्रमाणे खुर्च्यांच्या गोलात बसलेल्या एकेका पाहुण्याचा हात हातात घेऊन तुझ्या वाढदिवसाबद्दल त्याचंही अभिनंदन करीन. शेजारच्या ग्रीटकाकूंनाही म्हणेन, "शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन!" तेवढं मला आवडतं, बोलायचं ठरलेलं असतं. नंतरच्या गप्पांसाठी आत्तापासूनच वाक्यं पाठ करतेय.

तू मात्र त्या गोलात किती छान हसायचीस! मी तुझंच बघून शिकले. पाहुणे गेले की तू मागच्या खोपटात जाऊन बसायचीस, दिवा न लावता. आम्ही हाका मारायला लागलो की बाबा म्हणायचे, "आईला त्रास देऊ नका. ती सशाला गाजर घालतेय."

आई, आपला ससा तर मी शाळेत जायच्या आधीच मेला होता ना?

या खेपेला मीही येऊ तुझ्याबरोबर? गाजरं मी आणते.

तुझीच,
हिल्के