सुभद्रा इथं राहत नाही

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : शारदा लक्ष्मीकांत डोणगावकर, वय वर्षे ८३, अविवाहित, मुलींच्या शाळेतील निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, राहणार चिखली, जिल्हा बुलडाणा.

मी हा कागद राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. माझे गुडघे गेले, डावा कान गेला, डोकं ठिकाणावर आहे. डॉ. दीपमाला यांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आयुष्यात एकदा दबावाखाली वागले, ते पुढे कलम पाचमध्ये लिहिलं आहे.

मजकूर माझा आहे. कायद्याची भाषा संजीवनी वकिलांची. ती माझ्या खो-खोच्या संघात होती, चांगली पळायची, पण खांबाशी घाई करायची. आताही करते. कलम पाच वाचून म्हणाली, "बाई, हे मृत्युपत्रात लागत नाही." मी म्हणाले, लागतं. हा सगळा कागद त्या एका कलमासाठीच आहे. बाकीची कलमं नसती तरी चाललं असतं.

१. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझा भाचा आल्हाद याला दिलं होतं. आल्हाद हा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकुलता मुलगा, राहणार पुणे. मी त्याची आत्या, म्हणून तो माझा भाचा. संजीवनीने तिथे 'भावाचा मुलगा' असं स्पष्ट लिहायला सांगितलं, तेही लिहिलं.

२. चिखलीतलं माझं दोन खोल्यांचं घर, मागच्या न्हाणीसह, योगिनीला मिळावं. योगिनी माझी विद्यार्थिनी. आता तालुक्याच्या मैदानावर मुलींना पळायला शिकवते. सोनाळा, लोणार, कुठून कुठून पोरी स्पर्धेला येतात आणि रात्री एसटी स्टँडवर बसून काढतात. त्यांना या घरात उतरू द्यावं. घराला कोणाचंही नाव देऊ नये. माझं तर नाहीच नाही.

३. माझी शिट्टी, दोन स्टॉपवॉच (एक बंद आहे), मैदान आखायची दोरी आणि चुन्याचा डबा योगिनीला. माझ्या वेळच्या मुख्याध्यापिका सत्यभामाबाई यांना काहीही नाही. त्या वारल्या याची मला कल्पना आहे, तरी लिहून ठेवते. मुलींनी अर्ध्या चड्डीत कबड्डी खेळायची की नाही यावर त्या बाईने माझी अकरा वर्षं खाल्ली. "डोणगावकर, तुमच्या घरात असले प्रकार चालत असतील, शाळेत नाही," असं भर शिक्षकखोलीत म्हणाल्या होत्या. त्यांना माझ्या घराचं काही ठाऊक नव्हतं. मला होतं, म्हणून मी गप्प बसले.

४. बँकेत जे काही असेल त्यातून माझा अंत्यविधी आणि उरेल त्यातून दरवर्षी मुलींना धावायचे बूट घ्यावेत. संजीवनी वकील या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक राहतील आणि त्या हे बघतील.

५. आता फोटो.

माझ्याजवळ एक फोटो आहे. वीतभर उंचीचा, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात एकोणीस वर्षांची एक बाई पुरुषी तुमान घालून, कमरेला तलवार लावून उभी आहे. घोड्याचा लगाम तिच्या हातात आहे. मागे तिच्याच अक्षरात 'सुभद्रा, १९२९' असं लिहिलं आहे. ही माझी आई.

आई सोनाळ्याच्या एका भिक्षुकाची मुलगी. बाप लवकर गेला म्हणून अमरावतीला मामाकडे वाढली. तिथे लाठी शिकली, पळायला शिकली. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून पोरांबरोबर पळायची आणि पोरांना मागे टाकायची. एका सामन्यात सिनेमा कंपनीच्या माणसाने तिला पाहिलं. तेव्हा मूकपट निघायचे. पडद्यावर बोलायचं नसे, घोड्यावरून पडायचं, भिंतीवरून उडी मारायची, हे करणाऱ्या बायका त्यांना मिळत नव्हत्या. मामाशी भांडून आई गेली. तीन मूकपटांत तिने काम केलं. मनगट मोडलं, एक दात पडला.

मग बोलपट आले. राणीची भूमिका तिला द्यायची ठरली होती. तोंडासमोर यंत्र ठेवलं आणि संवाद म्हणायला सांगितला. आईच्या तोंडून वऱ्हाडी आली. 'मला'चं "मले" म्हणाली, 'का'चं "काऊन" म्हणाली. दहा वेळा म्हणवून घेतलं, दहाही वेळा तेच. सगळा स्टुडिओ हसला. "ही राणी की मोळीविकी?" असं कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी तिला परतीचं तिकीट काढून दिलं. चौथा मूकपट तेव्हा पुरा झालेला नव्हता. भिंतीवरून उडी टाकायचं तिचं सगळ्यांत अवघड काम त्यातच होतं आणि ते तिने पडद्यावर कधी पाहिलं नाही.

माझे वडील लक्ष्मीकांत चिखलीच्या कचेरीत कारकून. पहिली बायको गेलेली. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. सिनेमातल्या बाईला पदरात घेतो हेच फार, अशी दोन्ही घरांची समजूत. अट एकच होती, मागचं नाव काढायचं नाही. लग्नात तबकात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. वडिलांनी 'अन्नपूर्णा' लिहिलं. इतर बायकांचं नाव बदलतं तेव्हा माहेरी तरी जुनं नाव उरतं. आईला माहेर उरलं नव्हतं. तिची सामन्यातली पदकं आणि कागद आजीने, वडिलांच्या आईने, चुलीत घातले. हा एक फोटो तिने देऊळगावराजाच्या बालाजीच्या तसबिरीत चित्रामागे चिकटवला आणि रोज त्या तसबिरीला हळदीकुंकू वाहिलं. वडील चारचौघांत सांगायचे, आमची ही फार भाविक. ती गेल्यावर काच बदलायला तसबीर उघडली तेव्हा मला तो सापडला.

आजीच्या टोमण्यांतून मला बाराव्या वर्षीच सगळं कळलं होतं, आईच्या जुन्या नावासकट. आई विहिरीवर कोणाशी हसून बोलली की आजी म्हणायची, "उडी मारून आलेली हाय ही, उडी मारूनच जाईन." मी आईला विचारलं. ती म्हणाली, "आजी म्हातारी झाली, काहीबी बोलते." पण मी पळायला लागले तेव्हा ती एकदाच मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि घरी आल्यावर म्हणाली, "टाच टेकवू नको व. पंजावर पळ." तेवढंच.

आता जे लिहायचं ते लिहिते.

१९७६ सालचा एप्रिल महिना. दुपारचे दोन वाजले असतील. एक गृहस्थ दारात आले. पन्नाशीचे, कापडी पिशवी, घामाने निथळत होते. पुण्याहून आले होते, आधी सोनाळ्याला जाऊन तिथून पत्ता काढत, दोन एसट्या बदलून. म्हणाले, "मूकपटांत काम केलेल्या सुभद्राबाई इथे राहतात का? त्या हयात आहेत का? त्यांच्या शेवटच्या चित्रपटाचा एक तुकडा सापडला आहे. पडद्यावर दाखवायला त्यांना पुण्याला न्यायचं आहे. पहिल्या पिढीतल्या थोड्याच बायका आता उरल्यात."

आई आत होती. मधल्या खोलीत सुपात गहू निवडत. दार आणि ती यांत एक पडदा.

त्या महिन्यात शाळेत माझ्या बढतीचं चाललं होतं. सत्यभामाबाई कारण शोधतच होत्या. पोरींचे आईबाप आधीच कुरकुरत होते की ही मास्तरीण पोरींना उघड्या पायांनी पळवते. त्यात आई सिनेमातली निघाली तर एकेक पोरगी काढून नेतील, हे मला पाचव्या मिनिटाला नाही, पहिल्याच क्षणाला सुचलं. एवढी मी चपळ. मी म्हणाले, "सुभद्रा इथं राहत नाही. माझ्या आईचं नाव अन्नपूर्णाबाई." शब्दाने खोटं बोलले नाही. रेशनकार्डावर तेच नाव होतं. हवं तर दाखवते, असंही म्हणाले.

ते गृहस्थ घाम पुसत दारातच उभे होते. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. चिखलीच्या एप्रिलमध्ये दारात आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही, कारण पाणी आणायला आत जावं लागलं असतं आणि आईच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

ते गेले. मी आत गेले. आईचे हात सुपातच होते. ती म्हणाली, "बरं केलं व शारदे. खोटं कुठी बोलली तू? सुभद्रा कुठी राह्यते इथं."

तिने मला बोल लावला असता तर मी सुटले असते. तिने गहू निवडायला घेतले. त्यानंतर ती तीन वर्षं जगली. मी रोज तिच्या हातचं जेवले आणि एकदाही म्हणाले नाही की चल, आपण पुण्याला जाऊ, त्या माणसाला शोधू. बढती मला मिळाली.

६. आल्हादविषयी.

यंदा आषाढात आल्हादने आजीचं जुनं नाव धरून पुण्यात शोधलेला तो तुकडा माझ्या मोबाइलवर पाठवला. साडेतीन मिनिटांचा. किल्ल्याच्या भिंतीवर एक बाई उभी राहते, खाली बघते आणि उडी टाकते. उठते आणि पळत सुटते. पंजावर. छत्तीस वर्षं मी मुलींना पळायला शिकवलं. माझ्या आईला पळताना मी त्र्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. तो मोबाइल मी तीन दिवस हातातून ठेवला नाही. अर्जुनराव शेजारी आहेत, एसटीतून निवृत्त झालेले, त्यांनी दार वाजवून विचारलं, "बाई, तब्येत बरी हाय ना? शिट्टी नाही, ओरडणं नाही." मी त्यांनाही दाखवला. ते म्हणाले, "बाप रे बाप! हे आपल्या काकू?" आणि डोळे पुसत बसले. त्या माणसाने लहानपणापासून तिला काकू म्हटलं, तिच्या हातचं ताक प्यायला.

आल्हाद त्यावर माहितीपट काढतो आहे. पोरगा वाईट नाही. आजीचा त्याला खरंच अभिमान वाटतो. त्याने लिहिलेला मजकूर मला पाठवला. त्यात एक वाक्य आहे : 'सुभद्राबाईंच्या मागे त्यांचं कुटुंब भक्कमपणे उभं राहिलं.' हे वाक्य मी कॅमेऱ्यासमोर म्हणावं अशी त्याची इच्छा. मी खरं काय ते फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, जाऊ दे ना. आता कोणाला दुखवायचंय? आणि बाबांचं नाव पण येईल त्यात."

येईलच. त्याच्या बाबांनी, माझ्या दादाने, स्वतःच्या साखरपुड्याला आईला मागच्या खोलीत बसवलं होतं, पाहुण्यांत कोणी ओळखेल म्हणून. मीच बाहेरून कडी लावली होती.

माणसाचं बोलणं कापता येतं, चित्र कापता येतं. नोंदणी झालेला कागद कापता येत नाही. म्हणून मी हे सगळं इथे लिहिलं. फोटो मी योगिनीला देते. आल्हादला त्याची प्रत हवी असेल तर त्याने आधी कलम पाच शब्दन् शब्द, स्वतःच्या तोंडाने, आपल्या माहितीपटात वाचावं. मधलं एक वाक्य जरी गाळलं तरी प्रत देऊ नये. तो रडेल, आत्या किती कठोर म्हणेल. म्हणू द्यावं. माझी त्याच्यावर माया आहे, हेही इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने कधी म्हटलं नाही.

७. मी गेल्यावर दहावं-तेरावं करू नये. वर्तमानपत्रात बातमी देऊ नये. द्यायचीच झाली तर 'थोर मातेची थोर कन्या' असलं काही लिहू नये. माझ्या विद्यार्थिनींपैकी कोणी मैदानात एक फेरी मारली तर हरकत नाही.

८. नावाबद्दल शेवटचं.

सहीच्या वेळी संजीवनी म्हणाली, "बाई, आता आईचंही नाव लिहायची रीत आली आहे. स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. मी जागा सोडली आहे. कोणतं लिहू?"

अन्नपूर्णा लिहिलं तर ते वडिलांनी तांदळात काढलेलं नाव, तिचं नव्हे. सुभद्रा लिहायला माझा हात आसुसला आहे. पण त्या दुपारी दारात उभी राहून मी त्या नावावरचा हक्क सोडला. बहिणी भावाच्या नावे हक्कसोड लिहून देतात, मग परत मागत नाहीत. मीही मागणार नाही. सुभद्रेची मुलगी म्हणवून घ्यायला आता सगळे तयार होतील. ज्या दिवशी तिला एक मुलगी हवी होती त्या दिवशी मी नव्हते.

जागा कोरी ठेवावी तर उद्या आल्हाद प्रेमाने भरेल. दस्तात कोरी जागा राहिली की तिच्यावर रेघ मारून ती बंद करतात, नंतर कोणी काही घुसडू नये म्हणून. तसंच करायला मी सांगितलं. संजीवनीने पेन खाली ठेवलं, म्हणाली, "हे माझ्यानं होणार नाही, बाई." तेव्हा रेघ मी मारली.

ठिकाण : चिखली, जिल्हा बुलडाणा
तारीख : १७ नोव्हेंबर २०२५

सही
शारदा ————— लक्ष्मीकांत डोणगावकर

साक्षीदार :

आम्ही खाली सह्या करणार लिहितो की, शारदाबाईंनी हा कागद आम्हांला वाचून दाखवला, मध्ये दोनदा थांबल्या, आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. नावातील मधली कोरी जागा त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ मारून बंद केली. रेघ मारताना त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

१. अर्जुनराव, शेजारी, चिखली (सही)
२. डॉ. दीपमाला, चिखली (सही)